बाप आणि माउली

घोरावाडी स्टेशनावर उतरून घोरावडेश्वराच्या डोंगराकडे पाहिलें म्हणजे धर्मेतिहासाचे तीन थर एकदमच नजरेस पडतात. डोंगरांत कोरलेलीं लेणीं बौद्धांचीं. त्यांच्या विचारांत जगत्कर्त्याचें प्रयोजनच नाहीं. त्यांपैकीं एका लेण्यांत पुढें महादेव येऊन बसला. आणि जवळच इंद्रायणीकांठीं देहू. तेथें देवाला माउली म्हणण्याचा संकोच कोणास कधीं वाटला नाहीं. अशा मुलखाच्या भाषेंत ‘आकाशांतील बाप’ येतो तेव्हां प्रश्न नुसत्या भाषांतराचा राहत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मायबाप विठ्ठल आमच्याही ओळखीचा आहे. परंतु तें नातें भक्तानें जोडलेलें. ख्रिस्ती मतांत देवाचें पितृत्व भक्ताच्याच काय, सृष्टीच्याही आधींचें आहे. येशूच्या तोंडचा ‘अब्बा’ हा घरगुती अरामी शब्द नव्या करारांत अवघा तीनदां आला आहे. पण त्यांतून केवढा वाद उभा राहिला! पुत्राला आरंभ आहे, असें आरियस सांगूं लागला. त्यावर इ. स. ३२५ मध्यें नायकियाच्या धर्मसभेनें पुत्र पित्याशीं एकतत्त्व असल्याचा निर्णय दिला. जो सदैव पिता, त्याला पुत्रही सदैव असलाच पाहिजे, अशी त्या पक्षाची युक्ति होती. आमच्या नैयायिकांना ती खासच आवडली असती.

हा बाप मराठी ओवींत प्रथम थोर प्रमाणावर आणला तो थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें. तो १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें छापून निघालें. पुराण ऐकण्याची लोकांची संवय त्यानें अचूक हेरली होती.

पंडिता रमाबाईंना मात्र कथेनें समाधान होण्यासारखें नव्हतें. १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचें ईश्वरत्व यांवरून त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं पत्रांतून निकरानें भांडल्या. धर्म पतकरला म्हणून बुद्धि गहाण टाकावी, हें त्यांस मान्य नव्हतें. आणि या भांडणांत आम्हांस त्यांची श्रद्धा उणी न दिसतां खरी दिसते. पुढें केडगांवीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून त्यांनीं समग्र बायबल मराठींत आणलें. तें १९२४ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, प्रसिद्ध झालें.

नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. आणि पुलावरून येतांना देहूची माउली त्यांनीं बरोबरच आणली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त आई होतो, गुरुही होतो. कर्मठ शास्त्र्यास हें खटकेल; पण आई मुलाचें सांत्वन करते तसें मी तुमचें करीन, असा देवाचा शब्द यशयानेंही सांगितलेलाच आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत टिळकांचीं पदें आजही गातात, आणि त्याच उपासनेंत स्वर्गांतील पित्याची प्रार्थनाही चालते.