साष्टीतील ख्रिस्ती यात्रास्थळे

मुंबई उपनगर जिल्ह्यातील कॅथलिक ख्रिस्ती समाजाची नवसाची व वार्षिक सणांची जुनी स्थाने. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत पसरलेले उत्तर कोकणातील बेट होय. गोव्यातील याच नावाचा तालुका वेगळा.

ख्रिस्ती धर्मात यात्रा हे सक्तीचे कर्तव्य नाही. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटीन याची माता हेलेना पॅलेस्टाइनला गेली. त्यानंतर जेरूसलेमच्या आणि पुढे रोम व स्पेनमधील सांत्यागो येथील यात्रांना महत्त्व आले. येशूचे जीवन ज्या भूमीत गेले ती भूमी किंवा प्रेषितांची समाधी, हे तेथील आकर्षण. साष्टीतील यात्रेला असा आधार नाही. येथील भाविक एक तर समुद्राकाठच्या मातेकडे नवस फेडण्यास जातो किंवा आपल्या पूर्वजांनी सोडलेल्या चर्चकडे परततो. यांतील दुसरा प्रकार अभ्यासकांकडून काहीसा उपेक्षित राहिला आहे.

गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई व साष्टी पोर्तुगीजांना दिल्यावर फ्रान्सिस्कन व जेझुइट संघांनी येथे धर्मप्रसार केला. धर्मांतरित कोळी, कुणबी, भंडारी इ. जातींच्या वंशजांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. त्यांची बोली मराठीच आहे. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर बहुतेक पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. स्थानिक धर्मगुरूंनी उपासना चालू ठेवली.

वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरी चर्च हे या बेटावरील सर्वांत प्रसिद्ध यात्रास्थळ. कोळी समाजात तेथील कुमारी मारिया ‘मोत मावली’ म्हणून ओळखली जाते. मूळ प्रार्थनामंदिर मराठ्यांच्या मोहिमेच्या काळात नष्ट झाले आणि मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली, अशी परंपरा आहे. मंदिर १७६० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. त्या वेळी वांद्रे मराठ्यांच्याच ताब्यात होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. सध्याची वास्तू १९०४ मधील असून १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून माहीमचा बांध १८४५ मध्ये पुरा होईपर्यंत मुंबईच्या भाविकांना खाडी होडीने ओलांडावी लागे. मारियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. हात, पाय, बालक, घर अशा मेणाच्या प्रतिमा अर्पण करणाऱ्यांत हिंदू व पारशीही मोठ्या संख्येने असतात.

उत्तर साष्टी हे फ्रान्सिस्कनांचे क्षेत्र. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे त्यांनी सोळाव्या शतकात चर्च केले व वर मठ बांधला. त्या मठाचे भग्नावशेष उरले आहेत. लेण्यात पुन्हा शिवपूजा होते, तर तेथील एका शिल्पपटावर कोरलेला क्रूस अद्याप दिसतो. मालाडच्या पश्चिमेस एरंगळच्या किनाऱ्यावर त्यांनीच १५७५ मध्ये संत बोनाव्हेंचर यांचे चर्च उभारले. तेथे जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मोठा सण होतो. मार्वे, मढ व दूरच्या उपनगरांतून कुटुंबे शिधा घेऊन येतात आणि मिस्सा झाल्यावर माडांच्या सावलीत दिवस घालवतात.

अंधेरीच्या पूर्वेस, महाकालीच्या बौद्ध लेण्यांपासून जवळ, कोंदिवटे येथील बाप्तिस्मा करणारा संत योहान यांचे चर्च मात्र वेगळ्या प्रकारचे स्थान आहे. जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधले. सुमारे अडीच शतके ते आसपासच्या गावांचा धर्मग्राम होते. साथीच्या रोगाने गाव उजाड झाले तेव्हा १८४० मध्ये लोकांनी ते सोडले, मरोळ येथे सुवार्तिक संत योहान यांच्या नावाने नवे चर्च बांधले आणि जुन्या चर्चमधील सामग्री तेथे नेली. मागे राहिलेल्या वास्तूचे छप्पर गेले. दर्शनी भिंत व जाड बाह्यभिंती तेवढ्या उभ्या आहेत.

ही जमीन १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सांताक्रुझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्रात, म्हणजे सीप्झमध्ये, गेली. या क्षेत्रात परवान्यावाचून प्रवेश नसल्याने, ज्यांच्या पूर्वजांचे बाप्तिस्मे व विवाह या चर्चमध्ये झाले त्यांनाही एरवी तेथे जाता येत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यातील दुसऱ्या रविवारी, फाटक उघडते आणि भग्न भिंतींच्या आत, उघड्या आकाशाखाली मिस्सा होते. ख्रिस्ती पंचांगानुसार या संताचा जन्मोत्सव २४ जूनला, तर संत बोनाव्हेंचर यांचा सण १५ जुलैला येतो. दोन्ही तिथी ऐन पावसाळ्यात पडतात; साष्टीतील हे दोन्ही मेळावे मात्र कोरड्या ऋतूत होतात. रोमच्या पंचांगापेक्षा कोकणातील पाऊस व समुद्र यांनी येथील यात्रेचा काळ ठरविला असावा, असे दिसते.

कोंदिवट्यास येणाऱ्यांना तेथे पवित्र अवशेष किंवा चमत्काराची ख्याती असलेली मूर्ती आढळत नाही. सण नसता तर या भिंती कारखान्यांच्या आवारातील एक पडका बांधकामभाग ठरल्या असत्या. भाविकांच्या वार्षिक येण्यामुळे त्यांचे चर्च म्हणून असलेले नाव टिकले. मिस्सा आटोपल्यावर मंडळी बाहेर पडतात, फाटक बंद होते आणि ईस्ट इंडियन घराण्यांपैकी अनेकजण मरोळच्या वाटेने परततात. त्यांच्या पूर्वजांनी १८४० मध्ये हीच वाट धरली होती.