माटुंग्याच्या मलकुंडाचा कालनिर्णय

सांडपाण्यापासून निघणाऱ्या ज्वलनशील वायूचा इतिहास सांगूं लागलें कीं, बहुतेक ग्रंथकार प्रारंभींच एक वाक्य घालतात. तें असें कीं, इ. स. १८५९ मध्यें मुंबईच्या महारोग्यांच्या आश्रमांत मैल्यापासून वायु काढून त्याचा उपयोग करण्यांत आला. कित्येक माटुंग्याचें नांवहि घेतात. एकाचें पाहून दुसऱ्यानें लिहावें, दुसऱ्याचें पाहून तिसऱ्यानें, अशा परंपरेनें हें वाक्य रूढ झालें आहे. मूळ कागदाचा आधार मात्र कोणी देत नाहीं. आमच्या मतें हा शक चुकीचा आहे.

माटुंग्याचा आश्रम स्थापन झाला तो १८९० सालीं. तो उभारण्याची खटपट मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांनीं केली आणि पुढें त्यांचेंच नांव त्या संस्थेस मिळालें. ॲकवर्थसाहेब वाचकांस अपरिचित नाहींत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं प्रसिद्ध करणारे ते हेच. जो आश्रम १८९० पूर्वीं नव्हता, त्यांतील कुंड १८५९ सालचें कसें असेल?

कोणी म्हणेल, माटुंग्याचें नांव चुकलें असेल, आश्रम दुसरा असेल. तरीहि अडचण सुटत नाहीं. विहारच्या तलावाचें पाणी मुंबईस मिळूं लागलें तें १८६० मध्यें, व तानशाचें १८९२ मध्यें. नळाच्या पाण्यानें मैला वाहून नेऊन बंद कुंडांत सांठविण्याची पद्धति त्याआधीं कोठून येणार? फ्रान्समधील मूरास याच्या हवाबंद कुंडाची हकीकत १८८१ च्या सुमारास छापून आली. आणि डोनल्ड कॅमेरून यानें एक्झिटर येथें सेप्टिक टँक बांधला तो १८९५ सालीं. माटुंग्याच्या कुंडांवर वायु धरण्याचीं साधनें बसविलीं व त्या वायूवर एंजिन चालविलें याविषयीं १८९७ हें जें दुसरें वर्ष दिलेलें आढळतें, तें या सर्वांशीं जुळतें. कॅमेरूनच्या १८९५ चे अंक उलटसुलट होऊन १८५९ झाले असावेत, असा तर्क करण्यास जागा आहे. पण तो तर्कच समजावा.

अडतीस वर्षांच्या फरकाचा एवढा खल कशासाठीं, तर त्यावर या देशांतील एका मोठ्या हिशेबाचा आरंभबिंदु अवलंबून आहे. हा वायु म्हणजे मिथेन. व्होल्टा यानें १७७६ सालीं दलदलींतून तो गोळा केला. सेंद्रिय द्रव्य हवेवांचून कुजलें म्हणजे तो उत्पन्न होतो. उघड्यावर वाळलें तर फारच थोडा. कौटिल्यानें घराच्या मोरीचे व उकिरड्याचे नियम दिले आहेत, आणि मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत मलमूत्रादि वस्तीपासून दूर टाकण्यास सांगितलें आहे. बंद जलकुंडाची कल्पना दोहोंतहि नाहीं. मुंबईंत नळ येण्यापूर्वीं हलालखोर मैला टोपल्यांतून वाहून नेत. त्या पद्धतींत वायु कमी निघे म्हणून तिची स्तुति कोणी करूं नये. तिची किंमत माणसांनीं आपल्या डोक्यावर वाहिली, आणि ती प्रथा बंद करण्यास १९९३ व २०१३ असे दोन कायदे करावे लागले.

तेव्हां घरगुती सांडपाण्याचा वायु हा बव्हंशीं नळाचा व झांकलेल्या कुंडाचा परिणाम होय. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००६ च्या नियमावलींतील गुणक घेऊन पाहावें. हिंदुस्थानांतील एका माणसामागें दररोज ३४ ग्रॅम प्राणवायुशोषक द्रव्य धरलें आहे, म्हणजे वर्षास सुमारें साडेबारा किलो. एका किलोपासून अधिकांत अधिक ०.६ किलो मिथेन निघतो. सेप्टिक टँकांत त्याचा निम्मा भाग, म्हणजे वर्षास माणशीं सुमारें ३.७ किलो, कोरड्या प्रदेशांतील लहान कुटुंबाच्या खड्ड्यांत दहावा भाग, आणि चांगल्या चाललेल्या हवेशीर शुद्धीकरणगृहांत शून्य.

राष्ट्राचा हिशेब पाहावयाचा तर १९९४ या वर्षासाठीं हिंदुस्थान सरकारनें घरगुती सांडपाण्याचा मिथेन ३,५९,००० टन दाखविला आहे. २००७ या वर्षासाठीं तो सुमारें ८,६१,००० टन आहे. तेरा वर्षांत दुपटीहून अधिक! परंतु येथें वाचकानें थांबावें. शुहूर सन व फसली सन यांचा मेळ न घालतां दोन पत्रांचा क्रम लावणारा जसा फसतो, तसाच निरनिराळ्या रीतीचे आंकडे शेजारीं मांडणाराहि फसतो. वाढीचा कितवा भाग खरा आणि कितवा गुणकांच्या फेरफाराचा, हें मूळ तक्ते लावून पाहिल्यावांचून बोलूं नये. कार्बन डायऑक्साइडशीं तुलनेचें मापहि स्थिर राहिलेलें नाहीं. शंभर वर्षांच्या मुदतींत मिथेनची पट १९९५ सालीं २१ मानली होती, ती २०१३ सालीं २८ झाली.

वाढीची दिशा मात्र निश्चित आहे. २०११ च्या खानेसुमारींत शहरांतील ३८.२ टक्के कुटुंबें सेप्टिक टँक वापरणारीं होतीं, तर ३२.७ टक्क्यांचे संडास नळाच्या गटारास जोडलेले होते. मध्यवर्ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघे, व त्यांतील २०,२३६ दशलक्ष लिटरांवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होई. बाकीचें नदीनाल्यांत जाई. माटुंग्यास जो वायु धरून कामास लावला, तो घरोघरच्या कुंडांच्या नळींतून आज आकाशांत जात आहे. याला अपवाद देहूचा. तेथें १९५९ पासून राहिलेले डॉ. मापुसकर यांनीं संडासास जोडलेल्या वायुसंयंत्रांचा प्रसार केला आणि तो वायु चुलीस लावून दाखविला.

मुंबई म्युनिसिपालिटीचे १८९० ते १९१० पर्यंतचे अहवाल आणि कार्कीट जेम्स यांचा १९०६ चा ड्रेनेजविषयक ग्रंथ ज्या संग्राहकांजवळ असतील, त्यांनीं ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. पेशव्यांच्या दफ्तरास आपण जपतों, गटारांच्या नकाशांस जपत नाहीं. माटुंग्याच्या कुंडाविषयींचे मूळ उतारे तारीखवार या त्रैमासिकाकडे पाठविल्यास ते छापण्याची व्यवस्था व्हावी, अशी चालकांस विनंति आहे.