दूरचित्रवाणीची किल्ली

दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपकातून निघालेल्या लहरी घराघरांत भेद करीत नाहीत. टप्प्यातल्या ज्या छपरावर अँटेना असेल, तेथे त्या पोहोचतात. एकाने चित्र पाहिले म्हणून शेजाऱ्याच्या वाट्याला ते कमी येत नाही. मग पाहणाऱ्याकडून पैसे घ्यायचे कसे? इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या सेवांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे समजून घ्यायची तर आपल्याला १९५१ सालच्या शिकागोत जावे लागेल.

तेथे झेनिथ या रेडिओसंच बनवणाऱ्या कंपनीने ३०० कुटुंबांवर ९० दिवस एक प्रयोग केला. त्याचे नाव ‘फोनव्हिजन’. चित्रपटाचे चित्र मुद्दाम बिघडवून प्रक्षेपित केले जाई. पडद्यावर ते आडवे थरथरत राही. चित्र स्थिर करणारा संकेत मात्र टेलिफोनच्या तारेतून येई. प्रेक्षकाने फोन करून मागणी नोंदवली की तो संकेत त्याच्या संचाला मिळे, आणि चित्रपटामागे एक डॉलर आकारला जाई. यातले मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. प्रक्षेपणाचा प्रवास एकाच दिशेने होतो. टेलिफोनची तार दोन्ही दिशांनी बोलते. म्हणूनच कोणी काय मागितले हे कळू शकले.

या कल्पनेला कडवा विरोध झाला. कॅलिफोर्नियात १९६४ साली तारेने सशुल्क कार्यक्रम देण्यास सुरुवात होताच चित्रपटगृहांच्या मालकांनी प्रचार उभारला आणि मतदारांनी अशा सेवेवर बंदी घातली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ती घटनाबाह्य ठरवली. पुढे १९७२ साली पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी येथे ‘एचबीओ’ची केबल सेवा अवघ्या ३६५ ग्राहकांनिशी सुरू झाली. तिने दर चित्रपटाऐवजी दरमहा वर्गणीची पद्धत रुजवली.

इंटरनेटवर तर मागितल्याशिवाय चित्र येतच नाही. मागणी आणि चित्र यांचा मार्ग एकच असल्याने वेगळ्या टेलिफोनची गरज उरली नाही. २००७ साली दोन वाटा स्पष्ट झाल्या. जानेवारीत नेटफ्लिक्सने आपल्या मासिक वर्गणीदारांना इंटरनेटवरून चित्रपट दाखवण्यास आरंभ केला. मे महिन्यात यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा चित्रफिती बनवणाऱ्या निवडक सर्वसामान्यांनाही खुला केला.

दुसऱ्या वाटेवर प्रेक्षक खिशात हात घालत नाही, पण आपला वेळ देतो. शिवाय त्याने काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे थांबवले, याची नोंद त्याच दुहेरी मार्गाने परत जाते आणि कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवण्यास उपयोगी पडते. फोनव्हिजनच्या प्रेक्षकाला आपण एक डॉलर देत आहोत हे ठाऊक तरी होते. वर्गात एखादी ‘फुकट’ चित्रफीत दाखवताना तिची किंमत कोण आणि कशी चुकवते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे, असे आम्हांला वाटते.