झोंबी प्रक्रिया

झोंबी प्रक्रिया ही युनिक्स आणि लिनक्ससारख्या युनिक्ससदृश संचालन प्रणालींमधील एक संज्ञा आहे. जिचे काम संपले आहे, परंतु जिची नोंद कर्नलच्या प्रक्रिया-कोष्टकात अद्याप शिल्लक आहे, अशा प्रक्रियेला झोंबी प्रक्रिया म्हणतात. तिला निर्माण करणाऱ्या जनक प्रक्रियेने तिचा समाप्ती-संकेतांक वाचून घेतला की ही नोंद पुसली जाते. अल्पकाळ टिकणारी झोंबी अवस्था हा दोष नसतो. जनक प्रक्रिया संकेतांक वाचतच नसेल, तर मात्र अशा नोंदी साचत जातात व संसाधनांची गळती होते.

नाव

हे नाव हैतीमधील लोककथांतील चालत्याफिरत्या प्रेतावरून आले आहे. झटापट या अर्थाच्या मराठी 'झोंबी' या शब्दाशी त्याचा संबंध नाही. 'पीएस' या आज्ञेने मिळणाऱ्या यादीत अशी प्रक्रिया 'झेड' या अक्षराने आणि 'डिफंक्ट' या शब्दाने दर्शविली जाते.

निर्मिती

युनिक्समध्ये 'फोर्क' या सिस्टम कॉलद्वारे एक प्रक्रिया दुसरी, म्हणजेच अपत्य प्रक्रिया, निर्माण करते. अपत्य प्रक्रिया संपल्यावर कर्नल तिची मेमरी मोकळी करतो व तिने उघडलेल्या फायली बंद करतो. तिचा प्रक्रिया क्रमांक, समाप्ती-संकेतांक आणि तिने वापरलेल्या प्रोसेसर-वेळेचा हिशेब मात्र राखून ठेवला जातो. जनक प्रक्रियेने 'वेट' किंवा 'वेटपिड' हा कॉल केला की ही माहिती तिच्या स्वाधीन होते आणि नोंद नाहीशी होते.

नोंद राखण्यामागे दोन हेतू आहेत. पहिला, सोपविलेले काम यशस्वी झाले की फसले, हे जनक प्रक्रियेला कळावे. दुसरा, तोवर तोच क्रमांक अन्य प्रक्रियेला मिळू नये. अन्यथा जनक प्रक्रियेने आपल्या अपत्यासाठी पाठविलेला सिग्नल भलत्याच प्रक्रियेला लागू होईल.

झोंबी प्रक्रिया आधीच संपलेली असल्याने 'किल' या आज्ञेचा तिच्यावर परिणाम होत नाही. जनक प्रक्रिया बंद केल्यास तिची अपत्ये सामान्यतः क्रमांक १ च्या 'इनिट' प्रक्रियेकडे जातात व ती त्यांच्या नोंदी पुसते.

परिणाम

एक झोंबी प्रक्रिया अत्यल्प जागा व्यापते, परंतु प्रक्रिया क्रमांक मर्यादित असतात. लिनक्समध्ये ही मर्यादा परंपरेने ३२,७६८ असून ६४ बिट प्रणालींवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढविता येते. क्रमांक संपल्यावर 'फोर्क' अयशस्वी होतो आणि नवीन प्रक्रिया सुरू करता येत नाही. अल्पकाळ चालणाऱ्या आज्ञावलीत हा दोष लक्षातही येत नाही, कारण ती संपताच 'इनिट' सर्व नोंदी आवरते. दीर्घकाळ चालणाऱ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक विनंतीमागे एक नोंद मागे राहत असेल, तर प्रणाली अनेक दिवस सुरळीत चालून एकाएकी ठप्प होऊ शकते.

प्रतिबंध

दोष जनक प्रक्रियेत असल्याने उपायही तेथेच करावा लागतो.

* अपत्य संपल्यावर जनक प्रक्रियेला 'सिगचाइल्ड' हा सिग्नल मिळतो. हे सिग्नल रांगेत साठत नाहीत. अनेक अपत्ये एकाच सुमारास संपल्यास एकच सिग्नल पोहोचू शकतो. म्हणून एका सिग्नलमागे एकदाच 'वेटपिड' न करता, संपलेले एकही अपत्य उरत नाही तोवर तो न थांबणाऱ्या स्वरूपात पुन:पुन्हा करावा लागतो.
* समाप्ती-संकेतांकाची गरज नसेल, तर 'सिगचाइल्ड'कडे दुर्लक्ष करण्याची स्पष्ट सूचना देता येते. पॉझिक्स मानकाच्या २००१ च्या आवृत्तीनुसार अशा वेळी झोंबी प्रक्रिया उरत नाही.
* वेळमर्यादा ओलांडली गेल्यास किंवा त्रुटी उद्भवल्यासही अपत्याची नोंद पुसणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, पायथॉनमधील 'सबप्रोसेस' विभागाच्या 'कम्युनिकेट' पद्धतीची वेळमर्यादा संपली तरी अपत्य आपोआप थांबत नाही. ते थांबवून 'कम्युनिकेट' पुन्हा बोलवावे लागते.

कंटेनरमधील स्थिती

कंटेनरमध्ये मुख्य आज्ञावलीलाच बहुधा क्रमांक १ मिळतो. त्यामुळे कंटेनरमधील अनाथ प्रक्रिया तिच्याकडे येतात. परंतु त्यांच्या नोंदी पुसण्याची व्यवस्था तिच्यात असेलच असे नाही. यासाठी डॉकरच्या १.१३ या आवृत्तीत (२०१७) 'इनिट' हा पर्याय देण्यात आला. तो वापरल्यास एक छोटी आज्ञावली क्रमांक १ घेते व हे काम करते.

संबंधित गळती

अपत्य प्रक्रियेला जनक प्रक्रियेच्या उघड्या फाईल डिस्क्रिप्टरांचा वारसा मिळतो. पाइपचे लेखनाकडील टोक अशा रीतीने अपत्याकडे उघडे राहिले, तर वाचणाऱ्या प्रक्रियेला माहिती संपल्याची खूण मिळत नाही व ती खोळंबून राहते. अपत्य नवी आज्ञावली सुरू करताना असे डिस्क्रिप्टर आपोआप बंद व्हावेत म्हणून 'क्लोज-ऑन-एक्झेक' ही खूण वापरतात. पायथॉनच्या ३.४ आवृत्तीपासून (२०१४) आज्ञावलीने उघडलेले डिस्क्रिप्टर मूलतः वारसाहक्काने जात नाहीत.

विंडोजमध्ये जनक-अपत्य नात्यावर आधारलेली अशी अवस्था नाही. मात्र संपलेल्या प्रक्रियेचे एखादे हँडल उघडे असेल, तर तिची कर्नलमधील नोंद टिकून राहते. त्यासाठी 'क्लोजहँडल' वापरून प्रत्येक हँडल बंद करावे लागते.

हे सुद्धा पहा

* अनाथ प्रक्रिया
* युनिक्स
* संचालन प्रणाली