सांगाड्यावरचा क्रमांक

वडिलांनी केळीचे घड वाहिलेली, आता वसईच्या वाडीत गंजत पडलेली जीप भंगारात काढावी की दुरुस्त करावी, असा पेच आमच्या एका सहकाऱ्यापुढे आहे. ती मूळच्या रूपात आणता येईल काय, हा त्याचा प्रश्न.

पण मूळ कोणते? मुंबईत विलीज जीपची जोडणी करणारी कंपनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड महंमद’ म्हणून स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ अमेरिकेत १९६८ साली बंद झाली. तिचा घाट आपल्याकडे पुढेही टिकला, आत मात्र पेट्रोलऐवजी प्यूजोचे डिझेल इंजिन आले. या गाडीचा इतिहासच मुळी बदलांचा आहे. तेव्हा पत्रा नवा घातला म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

सांगाड्याचे, म्हणजे चासीचे, तसे नाही. नोंदणीपुस्तकातली गाडीची ओळख तिच्यावर कोरलेल्या क्रमांकाला बांधलेली असते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हाही तोच ताडून पाहतात. खाऱ्या हवेतला गंज चासीला आतून पोखरतो. वरचा रंग फसवतो. म्हणून मिस्त्री हातोडीने ठोकत गेला. मागच्या पाट्यांपाशी आवाज बद्द आला. क्रमांकाची जागा खणखणीत निघाली.

आमचे मत दुरुस्तीकडे झुकले. सहकाऱ्याच्या थोरल्या भावाने अजून होकार दिलेला नाही.