साठ मिनिटांचा नियम आणि खालची हवा

१९५३ साली अमेरिकेत एक नियम झाला. चारपेक्षा कमी इंजिने असलेल्या प्रवासी विमानाने, एक इंजिन बंद पडले तरी ६० मिनिटांत एखादा विमानतळ गाठता येईल, अशाच मार्गाने जायचे. त्या काळी पिस्टन इंजिनांचा फारसा भरवसा नव्हता. जेट इंजिने भरवशाची ठरली, तशी १९६४ मध्ये तीन इंजिनी जेट विमाने या बंधनातून सुटली. पात्रता सिद्ध करणाऱ्या दोन इंजिनी विमानांना १९८५ मध्ये १२० आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांची मुभा मिळाली.

विमानतळापासून तीन तास दूर, खाली समुद्र. अशा वेळी इंधन किती हवे? इंजिन बंद पडणे हेच सर्वांत मोठे संकट, असे आपल्याला वाटेल. पण हिशेबात आणखी एक संकट धरतात : केबिनमधला हवेचा दाब जाणे. १०,७०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत माणसाचे भान मिनिटाभरात हरपते. प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन काही मिनिटेच पुरतो. म्हणून विमान ३,००० मीटरपर्यंत उतरवावे लागते. तिथली हवा सुमारे २.४ पट दाट. श्वास घेता येतो, पण वेग कमी होतो आणि तेवढ्याच अंतराला बरेच जास्त इंधन जळते.

हे संकट नेमके कुठे आले असे धरायचे? जिथून मागचा आणि पुढचा विमानतळ सारख्याच वेळेत गाठता येतो, तिथे. विमानतळांमधले अंतर ३,००० किलोमीटर, वेग ताशी ६०० आणि समोरचा वारा ताशी १०० किलोमीटर असेल, तर पुढे जाताना वेग ५०० आणि परतताना ७०० होईल. हा बिंदू मध्यावर नसून १,७५० किलोमीटरवर येतो. दोन्हीकडे अडीच तास! मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. या बिंदूपाशी उरलेले इंधन खालच्या हवेतून विमानतळ गाठायला, तिथे १५ मिनिटे घिरट्या घालायला आणि उतरायला पुरले पाहिजे.

ऑगस्ट २००१ मध्ये टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअरबस ए-३३० विमानाचे इंधन अटलांटिकवर गळतीमुळे संपले. दोन्ही इंजिने बंद पडली. शिल्लक इंधनाचा कोणताही हिशेब इथे उपयोगाचा नव्हता. पण अझोर बेटांवरचा विमानतळ आवाक्यात होता. सुमारे १९ मिनिटे इंजिनांशिवाय तरंगत विमान तिथे उतरले आणि ३०६ जण वाचले. इंधन पुरेसे हवे, तसाच विमानतळही जवळ हवा. १९५३ च्या नियमातली ही दुसरी बाजू आजही तितकीच खरी आहे.