पायलीपासून किलोपर्यंत : धान्यमापनाचा प्रवास

जुन्या काळी गावाकडील स्वयंपाकघरात तराजू क्वचितच आढळे. धान्य मोजले जाई ते मापाने. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, असा हा चढता क्रम. मणाच्या पायल्या मात्र प्रांतोप्रांती बदलत. खळ्यावरील वाटणी, बलुतेदारांचे बलुते आणि पंगतीचा शिधा यांचा हिशेब याच मापांनी होई.

ही परंपरा प्राचीन आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष यांच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातील परिभाषेत धान्यासाठी कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण ही मापे येतात. प्रत्येक माप मागच्याच्या चौपट. सोन्यारुप्याच्या वजनांची परिभाषा आचार्यांनी वेगळी दिली आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितला आहे. पूज्यपाद आचार्यांनी ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत मान म्हणजे प्रस्थादी मापे आणि उन्मान म्हणजे तराजू आदी तोलण्याची साधने, असा भेद स्पष्ट केला. देताना उणे आणि घेताना अधिक, हा तो दोष.

मापात या दोषाला वाव फार. माप शिगेचे की सपाट, धान्य हलवून दाबून भरले की अलगद ओतले, एवढ्यावर शेतकऱ्याचा नफातोटा ठरे. तोलातही ओलसर धान्य जड भरतेच. तरी तेथे मापाऱ्याच्या हाताची करामत कमी चालते. शिवाय ‘शेर’ हे नाव मापालाही होते आणि वजनालाही. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. अशा ४० शेरांचा मण ३७.३२ किलोचा. मापाच्या शेराचे वजन मात्र त्यात काय भरले आहे, यावर अवलंबून.

१९५६ साली वजने व मापे यांचा प्रमाणीकरण कायदा संमत झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली आणि एप्रिल १९६२ पासून जुन्या वजनांची कायदेशीर मान्यता संपली.

वजनाच्या शेराचा किलो करणे ही निव्वळ आकडेमोड होती. खरा पेच कोठीघरात होता. ‘इतक्या पानांना इतक्या पायल्या’ असा आचाऱ्यांचा पिढीजात हिशेब. पण पायलीला अमुक किलो, असे एकच सूत्र सर्व धान्यांना लागू पडत नाही. एक लिटरच्या भांड्यात तांदूळ सुमारे ८०० ग्रॅम बसतो, गहू त्याहून थोडा कमी, आणि त्याच गव्हाचे सैल भरलेले पीठ जेमतेम साडेपाचशे ग्रॅम. पोह्यांची तर गोष्टच निराळी. तांदळाच्या प्रमाणाने पीठ तोलून आणले, तर ते गरजेच्या जवळजवळ दीडपट होणार. आणि मोठ्या पंगतीत ही तफावत म्हणजे पोतीच्या पोती. यावर खात्रीचा उपाय एकच : जी पायली वापरात असेल, तीच प्रत्येक जिन्नसाने सपाट भरून एकदा तोलावी आणि तो आकडा कोठीच्या वहीत नोंदवावा.

पाणी मात्र अजूनही मापानेच पडते. तांदूळ बाजारातून किलोने येतो. पण ज्या भांड्याने तो मोजला त्याच भांड्याने दुप्पट पाणी ओतले की भात साधतो, मग ते भांडे चिपट्याचे असो वा पायलीचे.